माहेरी गेलेली घुंगरमाळ

आमच्या वहिनीच्या काकांइतका वस्तूंना मान देणारा माणूस वर्धा जिल्ह्यात दुसरा नाही, आणि उरलेल्या जगात असेल असंही मला वाटत नाही. माणसांशी ते सरसकट अरे-तुरेत बोलतात. नगराध्यक्ष असो, डॉक्टर असो, लग्नाला आलेला नवा जावई असो, सगळ्यांना एकच माप. पण पितळी समईला, जात्याच्या खुंट्याला किंवा पेंढा भरलेल्या बगळ्याला त्यांनी कधी एकेरी हाक मारलेली मी ऐकली नाही. रेल्वेचा जुना कंदील उचलायचा तर आधी त्याच्यापुढे हात जोडल्यासारखे धरून, "जरा सरकाव लागते तुमाले," असं सांगून मग ते हात लावत. पुलगावच्या एका शाळेत त्यांनी जन्मभर चित्रकला शिकवली, म्हणून गावोगाव त्यांना मास्तर म्हणतात. आमच्या घरी ते काकाजी. गळ्यात शिंप्याची टेप, खांद्यावर घडी घातलेलं धुवट धोतराचं पान. कोणतीही वस्तू खाली ठेवायची तर आधी हे पान अंथरायचं, मग ती टेकवायची. हा नियम ते बाजारातून आणलेल्या लौकीला, म्हणजे दुधी भोपळ्यालाही लावत, असं वहिनी सांगते.

माझ्या भावाच्या लग्नात व्याहीभेटीच्या वेळी माझ्या वडलांचे पाय धुवायला काकाजी पाण्याचा लोटा घेऊन उभे होते. वडील पाटावर पाय ठेवून बसलेले, बँडवाले थांबलेले, फोटोवाला गुडघ्यावर. अशा वेळी काकाजींना लोट्याच्या बुडाशी काहीतरी कोरलेलं दिसलं आणि त्यांनी लोटा सरळ उलटा केला. सगळं पाणी वडलांच्या नव्या कोसा रेशमाच्या धोतरावर गेलं. काकाजींना त्याचं काही नव्हतं. बुडावरचा छाप बोटाने पुसत ते म्हणाले, "भंडाऱ्याचा आहे, व्याही. असा माल आता निघत नाई." वडील पुढे कितीतरी वर्षं ही गोष्ट सांगत आणि दर वेळी शेवटी म्हणत, की माणूस मात्र खोटा नाही.

खेड्यात त्यांना पाहिलं की घरातल्या म्हाताऱ्या जुनी भांडी आत नेतात आणि सुना ती बाहेर काढतात, अशी त्यांची ख्याती होती. रस्त्यात बैलगाडी थांबवून जुवाच्या खिळीचं नाव विचारायचे. कोणाच्या घरी मयतीला गेले तरी परतताना नजर माळ्यावर जायचीच. मात्र कोणाची वस्तू त्यांनी कधी मागून घेतली नाही. ते नुसते तिच्याकडे पाहत बसायचे, तिचं नाव, काम, कोणी केली, कोण वापरायचं, ते विचारायचे, आणि चहा पिऊन निघायचे. लोक मग स्वतःहून काही दिवसांनी ती वस्तू पोत्यात घालून संग्रहालयात आणून देत.

हे संग्रहालय नाचणगावच्या रस्त्याला, एका बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात आहे. जिनिंगवाल्यांच्या वारसांनी त्याचा ट्रस्ट केला आणि काकाजींना मानद अभिरक्षक नेमलं. त्याला असा एक विषय नव्हता. जंगलखात्यातल्या एका अधिकाऱ्याच्या बायकोने नवऱ्यामागे घरातले सगळे पेंढा भरलेले पक्षी दिले. एका कॉलेजाने दगड आणि शंखाच्या खुणा असलेले खडक दिले. कास्तकारांनी पेरणीच्या तिफणी, तण काढायचे डवरे, धान्य मोजायच्या पायल्या, बैलांचे साज दिले. देशी ज्वारी-कापसाच्या बियाण्यांच्या बाटल्या होत्या, कापूस तोलायचे काटे होते, लुगडी होती, शिलाईची यंत्रं होती. काकाजींना या सगळ्यांची जागा तोंडपाठ होती. पण ते सत्तरी ओलांडून बरेच पुढे गेले होते, आणि त्यांच्यामागे हे कोणाला सापडणार, ही काळजी ट्रस्टच्या सचिवांना लागली होती. सचिव बँकेतून निवृत्त झालेले, शब्दाला जपणारे गृहस्थ. त्यांनी ठरवलं की सगळ्या नोंदी संगणकावर घ्यायच्या. मी वर्ध्यात घरी बसून नागपूरच्या एका कंपनीचं सॉफ्टवेअरचं काम करते. वहिनीने माझं नाव सुचवलं आणि दर शनिवारी मी स्कूटीवरून पुलगावला जाऊ लागले.

फुकट मिळणारी एक परदेशी प्रणाली मी निवडली. ती मुळात चित्रांच्या दालनांसाठी केलेली होती. तिच्या समजुतीप्रमाणे जगातली प्रत्येक वस्तू कोण्या एका चित्रकाराने काढलेली असते, ठरावीक साली पुरी झालेली असते आणि भिंतीवर टांगलेली असते. आम्ही पहिल्याच दिवशी तिच्यापुढे बगळा ठेवला. तिने विचारलं, कर्ता कोण? हा रकाना भरल्याशिवाय ती पुढे जाऊ देईना. काकाजी बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी मला विचारलं, की हिला बगळा कोणी केला ते पाहिजे, की पेंढा कोणी भरला ते? मी म्हटलं, काहीतरी लिहून देऊ. ते म्हणाले, काहीतरी लिहायचं असतं तर मग मी इतकी वर्षं काय केलं? त्या दिवशी एकाही वस्तूची नोंद झाली नाही. घरी येऊन मी तो रकानाच मोडला. वस्तूच्या जातीप्रमाणे प्रश्न बदलेल अशी सोय केली. पक्ष्याला 'कुठे सापडला', दगडाला 'कुठे होता', तिफणीला 'कोणी घडवली'. पुढच्या शनिवारी ते पाहून काकाजींनी धोतराचं पान माझ्या लॅपटॉपखाली अंथरलं. तो त्यांच्याकडचा सर्वांत मोठा सन्मान होता.

मग वर्षांचा घोळ सुरू झाला. प्रणालीला चार आकडी साल हवं होतं आणि काकाजींना खोटं साल लिहायचं नव्हतं. सिंदीहून आलेल्या कापसाच्या काट्याबद्दल त्यांना एवढंच ठाऊक होतं, की तो तोलणाऱ्याच्या थोरल्या मुलीच्या लग्नाआधी घेतलेला होता. मी म्हटलं, मुलीला विचारून अंदाजे साल टाकू. ते गेले, विचारून आले, आणि म्हणाले की तिला नवऱ्याचा स्वभाव आठवतो, साल आठवत नाही. शेवटी सालाच्या रकान्याशेजारी मी एक मोकळी जागा केली, जिथे हवं ते लिहिता येईल. तिच्यात आज 'सासूबाई वारल्या त्याच्या आदल्या उन्हाळ्यात' अशा नोंदी आहेत, आणि शोधल्या तर त्या सापडतात.

तिफणीचं लाकडी धूड व्हरांड्यात आणि बी सोडायचं चाडं कपाटात, तर ही वस्तू एक की दोन, यावर आमचा आख्खा दिवस गेला. एक मोठी नोंद आणि तिच्या पोटात लहान नोंदी, असा मार्ग निघाला. बियाण्यांच्या बाटल्यांना 'स्थिती' या प्रश्नाखाली चांगली किंवा खराब एवढंच उत्तर होतं. काकाजींनी तिथे 'जिवंत' हा शब्द घालायला लावला. पण त्यांचं खरं वैर होतं ते यादीतल्या शेवटच्या पर्यायाशी. कुठेच न बसणाऱ्या वस्तूंसाठी प्रणालीत 'इतर' असा वर्ग होता. मी सहज एक मोडकी शिट्टी त्यात टाकली. काकाजींनी चष्मा काढला. "कोणाच्या घरून मानानं आणलेल्या वस्तूले आपण इतर म्हणाव का, माय?" ते हळू आवाजात म्हणाले. मी तो वर्ग काढून टाकला. त्यामुळे मला कितीतरी नवे वर्ग करावे लागले, काहींत आजही एकेकच वस्तू आहे.

काम चांगलं चाललं होतं. पोळ्याच्या सुमारास बैलांच्या साजाचं कपाट निघालं तेव्हा काकाजींनी एका मोठ्या घुंगरमाळेचं सगळं वर्णन सांगितलं, पितळेचे घुंगरू, चामड्याचा पट्टा, आंजीच्या एका भाजी-माळवं पिकवणाऱ्या घराने दिलेली. मी ठिकाण विचारलं. ते म्हणाले, आंजी. मी म्हटलं, ती आली आंजीहून, पण आता कोणत्या खणात आहे? ते पुन्हा म्हणाले, आंजी. मग थोडं संकोचून त्यांनी जे सांगितलं ते मी आजवर कोणत्याही संग्रहालयात ऐकलेलं नाही. लोक वस्तू देताना रडतात, असं ते म्हणाले. म्हणून त्यांनी प्रत्येक देणाऱ्याला पहिल्यापासून शब्द दिला होता, की सणावाराला, घरच्या कार्याला वस्तू न्यायची आणि मग आणून द्यायची. घुंगरमाळ पोळ्याला आंजीला जाई ती दिवाळीत गायगोधन, म्हणजे पाडव्याची गाईगुरांची पूजा, झालं की परत येई. सिंदीच्या एका घराची समई सणासुदीच्या दिवसांत जाई. एका म्हातारीची पायली तिच्या नातवाच्या पहिल्या पिकाला गेली होती. मी म्हटलं, प्रणालीत उसनवारीची सोय आहे, त्यात घालू. त्यांना ते पटेना. उसनी कशी, ते म्हणाले, तिचंच घर आहे ते.

"लेक सासरी देली म्हणजे माहेर तुटते का? लिही, माहेरी गेली."

मी ठिकाणांच्या यादीत 'माहेरी' हा शब्द घातला. शेजारी गावाचं नाव. मला तो फार आवडला, आणि खरं सांगायचं तर त्याचं पुढे काय होईल हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

पोळा होऊन गेल्यावर ट्रस्टच्या बैठकीत मला प्रणाली दाखवायला बोलावलं. अध्यक्षबाई जिनिंगवाल्यांच्या घरातल्या, वयस्कर, मृदू बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, लहानपणी आमच्या अंगणात आंजीची बैलजोडी यायची, तिची घुंगरमाळ इथे आहे म्हणतात, ती दाखव. मी शोधली. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर जुना फोटो आला, वर्णन आलं, आणि खाली ठळक अक्षरात आलं: माहेरी, आंजी (मोठी). बाईंना गंमत वाटली. सचिवांना वाटली नाही. त्यांनी मला आणखी किती वस्तू अशा माहेरी आहेत ते दाखवायला सांगितलं, आणि पडदा खालपर्यंत भरला. ते काकाजींवर चिडले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, की मास्तर, यातली एखादी हरवली तर ज्याने ती विश्वासाने दिली त्याच्या नातवाला मी काय सांगू? काकाजींनी उत्तर दिलं, की आजवर एकही हरवली नाही. सचिव म्हणाले, आजवर तुम्ही होता.  ठरलं असं, की दिवाळीच्या आत सगळ्या वस्तू कपाटात परत याव्यात आणि ही रीत थांबावी.

मग आम्ही वस्तू आणायला निघालो. मी स्कूटी चालवी, काकाजी मागे बसत, टेप गळ्यात, पान खांद्यावर. हरवलेलं खरंच काही नव्हतं. सिंदीची समई घासूनपुसून देवघरात उभी होती. पायली नातवाने स्वतः आणून हातात दिली. प्रत्येक घरी काकाजी पिकाचं विचारत, पाण्याचं विचारत, चहा घेत, आणि मूळ मुद्दा मलाच काढावा लागे.

आंजीला आम्ही दुपारी पोचलो. ज्या म्हाताऱ्याने घुंगरमाळ दिली होती तो गेला होता. घरात त्याची सून होती, बाजारासाठी सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत ओसरीत बसलेली. बैलजोडी विकून झाली होती, गोठ्यात एकच गाय होती. घुंगरमाळ गोठ्याच्या दारावर टांगलेली. जुना पट्टा कुजला म्हणून त्यांनी चामड्याचा नवा घालून घुंगरू पुन्हा ओवले होते. संग्रहालयाच्या भाषेत हा मूळ वस्तूत केलेला बदल, म्हणजे गुन्हाच. काकाजी नव्या पट्ट्यावरून बोटं फिरवत राहिले आणि टाका कोणी घातला ते विचारत राहिले. नवऱ्याने घातला, असं ती म्हणाली. मी मग सांगितलं, की ट्रस्टने सगळ्या वस्तू परत मागवल्या आहेत.

तिने हातातली जुडी खाली ठेवली. "आता काऊन नेता? गायगोधन तर होऊ द्या. दरसाली ते झाल्यावरच तर आणून देतो आमी."

मी म्हटलं, यापुढे ती तिकडेच राहील.  उठून तिने दारावरची माळ काढली, पदराने पुसली, एका जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधली आणि माझ्याकडे न देता काकाजींच्या हातात दिली.

"आमचं काई चुकलं का, मास्तर?"

"नाई, बाई," काकाजी म्हणाले. "तुमचं काई चुकलं नाई."  निघताना तिने सांभाराची एक जुडी त्यांच्या पिशवीत घातली, तीही त्यांनी राहू दिली. आम्ही वर्ध्याकडे निघालो. गाठोडं त्यांनी मांडीवर धरलं होतं आणि रस्ता खराब होता. प्रत्येक खड्ड्याला घुंगरू वाजत आणि रस्त्याकडेची माणसं बैल कुठे आहेत म्हणून मान वळवून पाहत. एका गावात तर एक म्हातारा बाजूला होऊन वाट देत उभा राहिला. एरवी मला हसू आलं असतं.

दिवाळीनंतरच्या बैठकीत काकाजींनी सांगितलं, की सगळं आलं आहे, तपासून घ्या, आणि मला आता मोकळं करा. त्यांनी वयाचं कारण दिलं. अध्यक्षबाईंनी खूप आग्रह केला. शेवटी सचिवांनीच एक तोड सुचवली, की पोळ्याला आणि गायगोधनाला गोदामाचं अंगण उघडं ठेवू, घरच्यांनी यावं, आपली वस्तू बाहेर काढावी, पूजा करावी, दिवस मावळायच्या आत परत ठेवावी. काकाजी म्हणाले, चांगलं आहे. मला कळलं की त्यांना ते चांगलं वाटलं नव्हतं. पण सचिवांच्या मनात खोट नव्हती, हेही त्यांना दिसत होतं, म्हणून ते भांडले नाहीत. किल्ल्या देण्याआधी उरलेलं एक कपाट पुरं करून देतो, एवढंच त्यांनी मागितलं.

ते वाद्यांचं कपाट होतं. पुढच्या शनिवारी आम्ही ते उघडलं. खंजिऱ्या, टाळ, एक डहाका, सगळ्यांची माहिती काकाजी भराभरा सांगत होते आणि मी टिपत होते. सर्वांत खालच्या खणातून त्यांनी एक बाजाची पेटी काढली, पान अंथरलं आणि वर ठेवली. मी रकाने विचारत गेले. कोणी घडवली, ठाऊक नाही. साल, ठाऊक नाही. ज्या माणसाने त्या मोडक्या शिट्टीवरचं आद्याक्षर कोणाचं, हे शोधायला आठवडा घालवला होता, तो एकेका शब्दात उत्तरं देत होता. कोणी दिली, असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "मीच."

काकाजींची बायको, म्हणजे आमच्या काकू, बायकांच्या भजनी मंडळात पेटी वाजवत, हे मला वहिनीकडून ऐकून माहीत होतं. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. मला इतकंच वाटलं, की ज्या माणसाने गावोगावच्या वस्तू माहेरी धाडल्या त्याची स्वतःची वस्तू एकदाही घरी गेली नव्हती. मी म्हटलं, काकाजी, किल्ल्या सोमवारी द्यायच्या आहेत. आज न्या ही घरी. दोन दिवस राहू द्या. सचिवांना मी सांगते, ते नाही म्हणणार नाहीत.

त्यांनी पेटीच्या झाकणावरची धूळ टेपच्या टोकाने एका रेषेत ओढली.

"लोकं परत आणून देतात, माय," ते म्हणाले. "मी नाई देणार."

मग त्यांनी मला नोंद पुरी करायला सांगितली, आणि मी केली.

आता तिथे एक तरुण मुलगी अभिरक्षक आहे, शिकलेली, कामाला चोख. प्रणाली ती माझ्यापेक्षा चांगली चालवते. पोळ्याला अंगणात माणसं येतात. आंजीची सून पहिल्या वर्षी आली नाही, दुसऱ्या वर्षी आली, घुंगरमाळेला हळद-कुंकू लावून, थोडा वेळ ती मांडीवर घेऊन बसली आणि गेली. काकाजी अधूनमधून सायकलवर येतात. दारात चपला काढतात, त्या मुलीला विचारतात, येऊ का, आणि पाहुण्यासारखे सगळ्या दालनांतून फिरून बाहेरच्या बाकावर बसतात. त्यांची नजर आता कमी झाली आहे.

मागच्या उन्हाळ्यात त्या अभिरक्षक मुलीचा मला फोन आला. पेटीचा भाता बंद राहिला तर तडकतो, असं तिने कुठेतरी वाचलं होतं. महिन्यातून एकदा तो हलवायची आठवण प्रणालीत घालता येईल का, असं ती विचारत होती. घालता येत होती. हे काम कोण करणार, असा रकाना आला तेव्हा आम्ही दोघीही थांबलो, आणि मग तिने काकाजींचं नाव सांगितलं. सचिवांनी सही केली.

एका शनिवारी मी तिथे असताना ते आले. मुलीने पेटी काढून दिली. काकाजींनी पान अंथरलं, पेटी ठेवली, खाली मांडी घालून बसले. त्यांना वाजवता येत नाही, कधीच येत नव्हतं. त्यांनी भाता हळूहळू उघडला, मिटला, पुन्हा उघडला, आणि चाचपडत एक काळी पट्टी दाबली. सूर निघाला, गोदामाच्या उंच पत्र्यापर्यंत गेला. भात्यातली हवा संपेपर्यंत त्यांनी बोट उचललं नाही. मुलगी दारात उभी होती, मी खिडकीशी. सूर बारीक होत होत बंद पडला, तेव्हा त्यांनी झाकण लावलं आणि हात झाकणावरच ठेवून थोडा वेळ बसले.

"भाता चांगला आहे अजून," ते आमच्याकडे न पाहता म्हणाले.